नरक्यातील कॅम्पटोथेसिन : प्रथिनाची पट्टी फिकट का झाली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने नरक्या या सह्याद्रीतल्या झाडाच्या सालीचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क आणि त्यातलेच कर्कपेशी मारणारे रसायन, म्हणजे विकत घेतलेले शुद्ध कॅम्पटोथेसिन, असे दोन्ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी-११६ या पेशींवर वापरून पाहिले. सहा तासांनी वेस्टर्न ब्लॉट (पेशीतली प्रथिने जेलवर वेगळी करून प्रतिपिंडांनी पट्ट्यांच्या रूपात ओळखण्याची पद्धत) केला तेव्हा टोपोआयसोमरेज-१ या प्रथिनाची पट्टी फिकट झालेली आणि डीएनएला इजा झाली की साचणाऱ्या पी-५३ या प्रथिनाची पट्टी गडद झालेली दिसली. चोवीस तासांनी पार्प हे प्रथिन तुटलेले दिसले, जी पेशी मरत असल्याची खूण आहे. अर्काचा परिणाम शुद्ध पदार्थाहून अधिक वाटला. ‘अर्कामुळे टोपोआयसोमरेजचे प्रमाण घटते आणि म्हणून कर्कपेशी मरतात’ असा निष्कर्ष लिहावा, असे तिला सुचवण्यात आले आहे, पण तिचे मन ते मानत नाही. जाता जाता तिने असेही विचारले आहे की, गावाकडे एका रुग्णाचे नातेवाईक ही साल उकळून द्यावी का असे विचारतात, त्यांना काय सांगावे.

गेली बावीस वर्षे कर्कपेशी वाढवून त्यांच्यावर वनस्पतिजन्य पदार्थांची परीक्षा करणे हे माझे रोजचे काम आहे. मी रुग्ण तपासणारा डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाला माझ्या कामाच्या कक्षेतूनच उत्तर देईन. पहिल्या प्रश्नाबाबत मात्र आधीच सांगतो की तुमचे मन मानत नाही ते योग्यच आहे, कारण या निष्कर्षात घटना खरी असली तरी तिचा अर्थ उलटा लावला गेला आहे.

खरा प्रश्न ‘किती प्रथिने बदलली’ हा नाही. मरू घातलेल्या पेशीत शेकडो प्रथिनांचे प्रमाण वरखाली होत असते आणि पुरेसे प्रतिपिंड विकत घेण्याइतके पैसे असले तर कोणताही अर्क कोणतेही प्रथिन बदलतो असे दाखवता येते. हळदीपासून कारल्यापर्यंत अशा निबंधांचे ढीग पडले आहेत. विचारायचे असते ते हे, की या पदार्थाचा रेणू प्रत्यक्ष जाऊन कोणत्या प्रथिनाला भिडतो, भिडल्यावर त्या प्रथिनाच्या कामात नेमके काय बिघडते, आणि बाकीचे बदल त्या एका बिघाडाचे परिणाम म्हणून समजावता येतात का. कॅम्पटोथेसिनच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरे इतकी स्वच्छ मिळाली आहेत की वनस्पतिजन्य औषधांच्या अभ्यासाला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आधी ते प्रथिन काय करते ते पाहू. डीएनए हा दोन पदरी पीळ आहे. काथ्याच्या दोराचे दोन पदर मधूनच ओढून वेगळे करू लागलात, तर पुढच्या भागात पीळ साचत जातो आणि शेवटी दोराला गाठी पडतात. पेशी डीएनएची प्रत काढते तेव्हा आणि जीन वाचते तेव्हाही हेच घडते. साचलेला पीळ सोडवण्याचे काम टोपोआयसोमरेज-१ करते. माणसातील हे विकर (एन्झाइम) ७६५ अमिनो आम्लांचे असते, आणि त्यातील ७२३व्या स्थानावरच्या टायरोसिनचे काम इथे निर्णायक आहे. विकर डीएनएच्या दोनपैकी एकच पदर कापते आणि कापलेले एक टोक या टायरोसिनला सहसंयुज बंधाने जोडून घेते. पीळ त्या फटीभोवती फिरून उलगडतो आणि मग विकर टोके पुन्हा सांधून बाजूला होते. हे सगळे इतक्या चटकन होते की सामान्य स्थितीत, एखाद्या क्षणी पाहिले तर, विकराचे फार थोडे रेणू डीएनएला असे जोडलेल्या अवस्थेत सापडतात.

कॅम्पटोथेसिन येते ते या फटीत. मोठे ओंडके चिरणारे जुने करवतकरी चिरेत पाचर ठोकून ठेवत, म्हणजे लाकूड मिटून करवत अडकत नसे. कॅम्पटोथेसिनचा चपटा रेणू तशीच पाचर मारतो. कापाच्या दोन्ही बाजूंच्या क्षारजोड्यांच्या (डीएनएचे दोन पदर जोडणाऱ्या बेस-पेअरच्या) मध्ये तो सरकतो, विकराच्या काही अमिनो आम्लांना हायड्रोजन बंधांनी धरतो आणि टोके पुन्हा सांधली जाऊ देत नाही. लक्षात घ्या की हा रेणू एकट्या विकराला नीट चिकटत नाही आणि एकट्या डीएनएलाही नाही. दोघे मिळून जी फट तयार करतात तीच त्याची जागा आहे. त्यामुळे ‘विकर बंद पाडणारा पदार्थ’ हे त्याचे वर्णन अपुरे पडते. विकराने अर्धे काम करून थांबावे अशी परिस्थिती तो निर्माण करतो, आणि हे अर्धवट काम विकर नसण्यापेक्षाही घातक ठरते.

तुमच्या निष्कर्षाची अडचण इथेच आहे. टोपोआयसोमरेज कमी झाल्यामुळे पेशी मरत असत्या, तर ज्या पेशींत ते मुळातच कमी आहे त्या औषधाने लवकर मरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात उलटे दिसते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस किण्व (यीस्ट) पेशींवर झालेल्या प्रयोगांत ज्यांचे हे विकर जनुकीय बदल करून पूर्ण काढून टाकले होते, त्या पेशी जगल्या आणि वाढल्याच, शिवाय कॅम्पटोथेसिनलाही दाद देईनाशा झाल्या. फटच नाही तर पाचर कुठे ठोकणार? ते विकर पुन्हा घातले की विषबाधाही परत येते. मानवी कर्कपेशींतही औषधाला सरावलेल्या सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी) तपासल्या तर अनेकदा टोपोआयसोमरेज कमी झालेले किंवा त्यात बदल झालेला आढळतो. म्हणजे प्रथिनाचे प्रमाण घटणे ही पेशीची सुटकेची वाटही असू शकते, आणि तुम्ही तिलाच मृत्यूचे कारण म्हणून नोंदवू पाहत होता.

या संदर्भातला माझा आवडता पुरावा मात्र वनस्पतीतच आहे. जी झाडे स्वतः कॅम्पटोथेसिन तयार करतात ती त्याने मरत का नाहीत, हा प्रश्न साधा पण मोलाचा होता. २००८ साली जपानी संशोधकांच्या गटाने दाखवले की कॅम्पटोथेका आणि ओफिओरायझा या कॅम्पटोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या टोपोआयसोमरेजमध्ये मानवी क्रमांकाच्या हिशेबाने ७२२व्या स्थानी अॅस्परॅजिनच्या जागी सेरिन आलेले असते. हे स्थान ७२३व्या टायरोसिनला लागूनच आहे. औषधाला न जुमानणाऱ्या मानवी रक्ताच्या कर्कपेशींत जो बदल आधीच सापडला होता, नेमका तोच या झाडांनी आपल्या बचावासाठी करून ठेवला आहे. एका अमिनो आम्लाच्या बदलाने विष निष्प्रभ होत असेल, तर त्या विषाचे खरे लक्ष्य कोणते याविषयी वाद उरत नाही.

पाचर मारली म्हणजे पेशी मेली असेही नाही, आणि प्रयोगाची वेळ ठरवताना विद्यार्थी बहुधा इथेच चुकतात. कॅम्पटोथेसिन विकराला कायमचे जखडत नाही. माध्यम बदलून औषध धुऊन काढले की काही मिनिटांत फटी मिटतात आणि डीएनए पूर्ववत होतो. कायमचे नुकसान होते ते डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा अशा अडकलेल्या विकरावर येऊन आदळते तेव्हा. एका पदरातला काप त्या धडकेने दोन्ही पदरांचा तुटवा होऊन बसतो, म्हणजे डीएनए आरपार तुटतो, आणि तो आपोआप सांधला जात नाही. म्हणून हे औषध प्रामुख्याने डीएनएची प्रत काढण्याच्या, म्हणजे एस अवस्थेतल्या पेशींना मारते. पेशींना आधी अॅफिडिकोलिन देऊन प्रत काढणे थांबवले आणि मग थोड्या वेळापुरते कॅम्पटोथेसिन दिले, तर अडकलेली विकरे तेवढीच मिळतात पण पेशी बऱ्याच अंशी वाचतात. हा प्रयोग मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून करून घेतो, कारण लक्ष्याला भिडणे आणि पेशी मरणे या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत हे त्याने जितके पटते तितके व्याख्यानाने पटत नाही.

आता तुमच्या ब्लॉटमधल्या बाकीच्या पट्ट्या या साखळीत बसवून पाहा. औषध दिल्यावर काही मिनिटांत विकर-डीएनए संकुले साचतात. तासाभराच्या आत दुपदरी तुटव्यांच्या आसपास एच-टू-एएक्स या हिस्टोनच्या (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या) १३९व्या सेरिनवर फॉस्फेट चढते, त्याच सुमारास एटीआर आणि एटीएम ही काइनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणारी विकरे) जागी होतात आणि सीएचके-१ या प्रथिनाला फॉस्फेट लावून पेशीचक्र थोपवतात. पी-५३ सतत तयार होत असतो आणि एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन त्याला सतत नष्ट करवीत असते. काइनेजमुळे ही विल्हेवाट थांबते आणि काही तासांत पी-५३ साचतो. तुमच्या सहा तासांच्या गडद पट्टीचा अर्थ असा आहे, त्यासाठी अर्काने पी-५३चा जीन ‘चालू’ केला असे म्हणण्याची गरज नाही. तुटवे दुरुस्त झाले नाहीत तर कॅस्पेज, म्हणजे पेशीचा अंत घडवणारी प्रथिने कापणारी विकरे, कामाला लागतात आणि ११६ किलोडाल्टनच्या पार्पचा ८९ किलोडाल्टनचा तुकडा दिसू लागतो. तो तुमच्या चोवीस तासांच्या फिल्मवर आहे. थोडक्यात, पार्प सांगते की पेशी मरत आहेत, पी-५३ सांगतो की त्यांच्या डीएनएला इजा झाली आहे, पण ती इजा कोणी केली हे त्या दोघांपैकी एकही सांगत नाही. सिस्प्लॅटिन हे डीएनएला इजा करणारे दुसरे औषध किंवा किरणोत्सर्ग दिला असता तरी हेच दोन बदल दिसले असते.

इथे सेल लाइनवर बरेच अवलंबून आहे. एचसीटी-११६मध्ये पी-५३ मूळ, अबाधित स्वरूपात असतो, म्हणून तुम्हाला ही वाढ स्वच्छ दिसली. एचटी-२९ ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचीच दुसरी सेल लाइन घेतली असती तर तिथला उत्परिवर्तित पी-५३ औषधाविनाच भरपूर असतो आणि तुम्ही ‘काही परिणाम नाही’ असे लिहिले असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या हेला पेशींत विषाणूचे ई-६ प्रथिन पी-५३ला सतत नष्ट करवते. या तिन्ही प्रकारच्या पेशी कॅम्पटोथेसिनने मरतात, म्हणजे पी-५३ हा या औषधाचा अनिवार्य दुवा नाही. एकाच सेल लाइनवरून ‘अर्क पी-५३च्या मार्गे काम करतो’ असे लिहिणारे निबंध मी परीक्षक म्हणून परत पाठवतो ते याच कारणासाठी.

आता मूळ गोष्टीकडे, फिकट झालेल्या पट्टीकडे वळतो. याची निदान तीन कारणे संभवतात आणि तुमच्या पद्धतीवरून मला पहिल्याचीच दाट शंका आहे.

पहिले कारण असे की प्रथिन पेशीत तेवढेच आहे, पण तुमच्या जेलमध्ये ते शिरलेलेच नाही. औषधाच्या उपस्थितीत विकर डीएनएच्या प्रचंड लांब रेणूला सहसंयुज बंधाने जोडलेले असते. तुम्ही पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूज केल्या, तळाशी बसलेला साका टाकून दिला आणि वरचे स्वच्छ द्रावण जेलवर चढवले. डीएनए साक्यात गेला आणि त्याच्याबरोबर अडकलेले विकरही गेले. साका काढला नसता तरी एवढ्या मोठ्या डीएनएला बांधलेले प्रथिन जेलच्या खाचेतच अडून बसते. पट्टी फिकट होते ती अशी. ही प्रयोगातली चूक आहे असे समजून वाईट वाटून घेऊ नका, कारण विकर डीएनएवर अडकले आहे हे दाखवण्याची जुनी आणि मान्य पद्धतच ही आहे. फक्त तिचा अर्थ ‘घट’ असा न लावता ‘अडकणूक’ असा लावायचा असतो. मी स्वतः उमेदवारीच्या काळात हीच फिकट पट्टी एका परिसंवादाच्या भित्तिपत्रावर ‘प्रथिनाच्या प्रमाणात लक्षणीय घट’ अशा मथळ्याखाली चिकटवली होती. एका वयस्कर गृहस्थांनी बराच वेळ ते वाचून मला एकच विचारले, “साका कुठे आहे?” तो अर्थातच कचऱ्यात गेला होता.

दुसरे कारण म्हणजे पेशी खरोखरच अडकलेले विकर मोडून टाकते. त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या, ‘हे मोडा’ असे सांगणाऱ्या खुणा चढतात आणि प्रोटिएसोम ही पेशीतली प्रथिने मोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते, म्हणजे डीएनएवर उरलेला छोटा तुकडा टीडीपी-१सारख्या दुरुस्ती करणाऱ्या विकरांना काढता येतो. ही घट खरी असते, तिला काही तास लागतात आणि ती सर्व सेल लाइनमध्ये सारखी नसते. काहींमध्ये ठळक दिसते, काहींमध्ये जवळपास नाहीच. सहा तासांच्या नमुन्यात पहिले आणि दुसरे कारण एकत्र असणे सहज शक्य आहे.

तिसरे कारण तुम्हाला सुचवले गेले आहे ते, म्हणजे जीनचे वाचन मंदावणे. हेही सरसकट खोटे ठरवता येणार नाही, कारण टोपोआयसोमरेज अडकले की लांबलचक जीनचे वाचन मध्येच थांबते आणि या विकराचा स्वतःचा जीनही आखूड नाही. पण असा दावा करायचा तर संदेशवाहक आरएनए मोजायला हवा, निव्वळ प्रथिनाच्या पट्टीवरून तो करता येत नाही.

ही कारणे वेगळी करण्यासाठी महागडे काही लागत नाही. सहा तासांऐवजी आधी तीस मिनिटांचा नमुना घ्या. एवढ्या वेळात पट्टी फिकट झाली असेल तर ती प्रोटिएसोममुळे किंवा जीनमुळे असण्याची शक्यता फारच कमी. मग त्याच पेशींची दुसरी थाळी घेऊन औषध धुवा, ताज्या माध्यमात ३७ अंशांवर आणखी तीस मिनिटे ठेवा आणि मग फोडा. पट्टी परत आली तर विकर फक्त अडकले होते. मोडून टाकलेले किंवा न बनलेले प्रथिन अर्ध्या तासात भरून येत नाही. तिसऱ्या थाळीत पेशी फोडताना बफरमध्ये बेन्झोनेजसारखे डीएनए तोडणारे विकर घालून साक्यासकट सगळा नमुना चढवा. चौथ्या थाळीला आधी एमजी-१३२ देऊन प्रोटिएसोम थोपवा आणि ती सहा तासांच्या नमुन्याशी ताडून पाहा. नियंत्रण म्हणून, सहसा न बदलणाऱ्या अॅक्टिनची पट्टी असतेच, पण मी तिच्यासोबत टोपोआयसोमरेज-२चीही पट्टी घेतो, कारण कॅम्पटोथेसिन तिला हात लावत नाही आणि ती स्थिर राहिली तर परीक्षकाचा विश्वास बसतो.

अर्क शुद्ध पदार्थापेक्षा प्रभावी वाटला याविषयी थोडे सावधपणे बोलतो, कारण तुम्ही दोन्हींच्या मात्रा कशा जुळवल्या हे प्रश्नात लिहिलेले नाही. अर्काचे वजन आणि शुद्ध पदार्थाची मोलर मात्रा यांची थेट तुलना होत नाही. आधी एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) अर्कातील कॅम्पटोथेसिन मोजायला हवे. नरक्याच्या वाळलेल्या लाकडात किंवा सालीत ते साधारण ०.३ टक्क्यांपर्यंत मिळते, पण झाड कुठले, किती वयाचे, कोणता भाग घेतला यावर हा आकडा बराच बदलतो. हिशेब करून पाहा. कॅम्पटोथेसिनचे रेणुवजन ३४८ आहे, म्हणजे दहा मिलिलिटर माध्यमात एक मायक्रोमोलर मात्रा हवी तर सुमारे साडेतीन मायक्रोग्रॅम पदार्थ पुरतो. ०.३ टक्के धरले तर तो सव्वा मिलिग्रॅमहून कमी सालीत असतो, म्हणजे मोहरीच्या एका दाण्याहूनही हलक्या तुकड्यात. पेशी मारायला यातलाही काही भागच पुरेसा होतो, कारण बहुतेक सेल लाइनना काही दहा ते काही शेकडा नॅनोमोलर एवढेच लागते. तेव्हा ‘अर्क अधिक प्रभावी’ याचा अर्थ बहुधा ‘अर्कात कॅम्पटोथेसिन अधिक होते’ एवढाच निघतो. अर्कात ९-मेथॉक्सीकॅम्पटोथेसिनही असते आणि तेही त्याच फटीत बसते. हे सगळे मोजून, मात्रा जुळवून झाल्यावरही अर्क वरचढ ठरला, तर मात्र ते शोधण्यासारखे आहे.

शुद्ध पदार्थाचीही एक खोड सांभाळावी लागते. कॅम्पटोथेसिनच्या रेणूत लॅक्टोनचे एक कडे आहे आणि ते मिटलेले असेल तरच पाचर नीट बसते. शरीराच्या सामूला (पीएच), म्हणजे ७.४ला, ते कडे हळूहळू उघडते आणि रेणू जवळपास निरुपयोगी होतो. आम्लात पुन्हा मिटते. डीएमएसओ या द्रावकातले मूळ द्रावण थंडीत टिकते, पण माध्यमात मिसळून ठेवलेले कालचे द्रावण आज वापरू नये. भरीस भर म्हणजे मानवी रक्तातील अल्ब्युमिन उघड्या कड्याच्या रूपाला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे मानवी प्लाझ्मात मिटलेले रूप एक टक्क्याहूनही कमी उरते. उंदराच्या रक्तात तसे होत नाही. उंदरातल्या गाठी विरघळल्या म्हणून माणसातही विरघळतील असे समजणाऱ्यांना या एका रेणूने पुरेसा धडा दिला आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर या कड्याच्या इतिहासातच आहे. कॅम्पटोथेसिन पहिल्यांदा वेगळे केले ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, चीनमधल्या कॅम्पटोथेका या झाडातून. रचना १९६६ साली प्रसिद्ध झाली. वाणी हे नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. पुढे १९७१मध्ये टॅक्सॉल या दुसऱ्या वनस्पतिजन्य कर्करोग-औषधाची रचनाही याच जोडीने मांडली. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात तोच पदार्थ मुबलक आहे हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून तेव्हा कडे उघडून त्याचे सोडियम लवण शिरेतून दिले गेले. रक्तात ते फारसे उपयोगी पडेना, पण मूत्राशयातल्या आम्लधर्मी मूत्रात कडे पुन्हा मिटले आणि रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. अस्थिमज्जेवरही आघात झाले. चाचण्या थांबल्या. लक्ष्य कोणते हे तोवर कोणालाच माहीत नव्हते, ते लेरॉय लिऊ यांच्या गटाने १९८५ साली दाखवले. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली आणि १९९६ साली अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली.

म्हणजे शुद्ध पदार्थ, मोजलेली मात्रा आणि रुग्णालयातली देखरेख एवढे असूनही पहिला प्रयत्न फसला. साल उकळून देणाऱ्याच्या हाती यांपैकी काहीच नसते. टोपोआयसोमरेज फक्त कर्कपेशीत असते असे नाही. अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर यांतल्या भरभर विभागणाऱ्या निरोगी पेशींतही ते असते आणि पाचर तिथेही तितकीच बसते. इरिनोटेकॅन देताना काही रुग्णांमध्ये युजीटी-१ए१ या विकराचा आनुवंशिक कमकुवतपणा असल्याने साधी मात्राही भारी पडते, जुलाब आणि पांढऱ्या पेशींची घसरण आटोक्यात ठेवताना अनुभवी डॉक्टरांचीही कसोटी लागते. शिवाय केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने वर असा काढा घेतला तर मज्जेवरचा भार दुप्पट होऊ शकतो आणि रक्ताचे आकडे का घसरले हे डॉक्टरांना कळणारही नाही. तेव्हा त्या नातेवाइकांना सांगा की या झाडातले औषध रुग्णालयात मिळते, साल द्यायची नाही, आणि आधीच दिली असेल तर ते न लपवता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगायचे. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. नरक्याच्या बाबतीत ते धोकादायक आहे.

एक गोष्ट विचारली नसली तरी सांगतो. याच सालीसाठी कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या जंगलांत नरक्याची अवैध तोड झाली आहे. तुमचा नमुना वनविभागाच्या परवानगीने घेतलेला असेल असे मी धरून चालतो. पुढच्या वेळी खोडाची साल सोलण्याऐवजी पाने आणि कोवळ्या फांद्या घ्या; कॅम्पटोथेसिन त्यांतही असते, आणि पेशींच्या प्रयोगांना किती कमी लागते याचा हिशेब वर केलाच आहे.

प्रबंधात सध्याच्या पुराव्यावर लिहायचे तर इतकेच लिहिता येईल, की अर्क आणि कॅम्पटोथेसिन या दोन्हींनंतर विरघळलेल्या अंशातील टोपोआयसोमरेज-१ची पट्टी फिकट झाली, पी-५३ साचला आणि पार्पचे विभाजन झाले, आणि हे सर्व विकर डीएनएवर अडकून पडण्याच्या ज्ञात क्रियेशी सुसंगत आहे. ‘सुसंगत’ या शब्दाऐवजी ‘सिद्ध’ लिहायचे असेल तर औषध धुऊन पट्टी परत येते का ते पाहणारा प्रयोग आधी करा. तो एका दुपारी होतो. त्या दिवशी साका फेकू नका, तोही वेगळ्या नळीत बर्फावर ठेवा आणि बेन्झोनेज घालून शेजारच्या खाचेत चढवा.